मुलीच्या प्रगतीपुस्तकात सगळीकडे अ-1 आहे, पण घरी वाचताना अडखळते. तिची खरी प्रगती कशी ओळखायची?

तुम्ही लिहिलंय की मुलगी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत दुसरीला आहे, सहामाहीला भाषा, गणित दोन्हीत अ-1 आहे, आणि तरी घरी नवं पुस्तक हातात दिलं की दुसऱ्या ओळीतच थांबते. शाळा आपल्याला फसवतेय का, असंही विचारलंय. मी गेली 19 वर्षं सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर शिकवते, बहुतेक काळ पहिली-दुसरीच माझ्याकडे होती. असे अ-1 मीही दिलेत. म्हणून ते कसे येतात तिथूनच सुरुवात करते.

2010 पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यात पहिली-दुसरीला शंभरातले 70 गुण आकारिक आणि 30 संकलित असतात. संकलित म्हणजे सत्र संपताना होणारी परीक्षा. आकारिक म्हणजे सत्रभर चाललेलं बाकी सगळं: रोजचं निरीक्षण, तोंडीकाम, उपक्रम, प्रकल्प, वर्गातला स्वाध्याय, छोट्या चाचण्या. दोन्हींची बेरीज 91 किंवा त्यावर गेली की अ-1. सात वर्षांच्या लेकराला फक्त लेखी पेपरवर तोलू नये हा यामागचा विचार मला आजही मनापासून पटतो. पण जी मुलगी कविता चालीत म्हणते, प्रश्नाला पटकन हात वर करते, पानं-बिया गोळा करून आणते, गृहपाठ चुकवत नाही, तिची बेरीज सहज तिथवर जाते. त्या बेरजेत वाचन कुठेतरी बुडून जातं. तुमच्या मुलीचा अ-1 खोटा असेलच असं नाही. तिला जोडाक्षर वाचता येतं का, एवढंच तो सांगू शकत नाही.

त्याच प्रगतीपुस्तकात वर्णनात्मक नोंदी असतात: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. पालक श्रेणी बघतात, सही करतात आणि पुस्तक परत पाठवतात. तिसरा रकाना आधी वाचा. पट मोठा असला की काही नोंदी ठरावीक वाक्यांतल्या होतात हेही खरं आहे. तशी नोंद दिसली तर बाईंना किंवा गुरुजींना भेटून त्याचा अर्थ विचारा.

आता एक प्रसंग सांगते. माझ्या वर्गात एक मुलगा होता. धडा वाचायला उभा केला की खणखणीत वाचायचा, स्वल्पविरामाला थांबायचा, प्रश्नचिन्हाला आवाज चढवायचा. एके दिवशी त्याच्या बाजूला बसले होते. त्याचं बोट तिसऱ्या ओळीवर होतं आणि तोंडातून पाचवी ओळ चालली होती. मी पुस्तकावर हात ठेवला, तरी तो म्हणतच राहिला. मग त्याच धड्यातला एक शब्द फळ्यावर लिहिला, ‘पाऊस’. तो बराच वेळ बघत राहिला आणि हळूच म्हणाला, “बाई, चित्र कुठाय?” दोन महिने मी त्याच्या नावापुढे वाचनाचे पूर्ण गुण लावत होते. कान तयार असलेली मुलं असा सबंध धडा पाठ करून टाकतात. त्यात लबाडी नसते, त्यांना तेच वाचन वाटतं.

त्यामुळे घरी बघताना पहिला नियम धरा: तिच्या पाठ्यपुस्तकातलं काही वाचायला देऊ नका. तिनं कधी न पाहिलेला, पाच-सहा ओळींचा सोपा मजकूर घ्या. महिन्यातून एकदाच, शांत वेळ बघून, शेजारी बसून वाचू द्या आणि मोबाइलवर आवाज टेपून ठेवा. मधे दुरुस्त करू नका. आईवडिलांना हे सगळ्यात जड जातं. शब्द अडला तर पाच सेकंद थांबा, मग तो शब्द सांगा आणि पुढे जाऊ द्या. ती झोपल्यावर टेप ऐका आणि वहीत तारीख घालून लिहा: कुठले शब्द अडले, कुठले चुकले, चूक तिची तिनं कुठे सुधारली. स्वतः मागे जाऊन सुधारलेली चूक मी चूक धरत नाही, ती प्रगतीच धरते, कारण आपण वाचलेलं जुळत नाहीये हे तिला कळलं.

अडलेले शब्द एकाखाली एक लिहिलेत की चार-पाच महिन्यांत त्यात एक सूत्र दिसायला लागतं. ‘दिवा’चं ‘दवा’ होतंय, ‘फूल’चं ‘फल’ होतंय, तर अक्षरं येतात आणि वेलांटी-उकार निसटतात. ‘सूर्य’, ‘प्रकाश’, ‘राष्ट्र’ इथेच थांबते, तर अडचण ‘र’च्या वेगवेगळ्या रूपांची आहे, रफार आणि खालचा र. दुसरीत जोडाक्षरांवर अडखळणं अगदी नेहमीचं आहे, त्यानं घाबरू नका. साध्या काना-मात्रेच्या शब्दांवर दुसरीच्या मध्यापर्यंत अडत असेल तर मात्र लगेच हात घालायला हवा.

वेगाचं विचाराल, तर 2021 मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात, म्हणजे लहान मुलांना वाचन आणि अंकगणित पक्कं यावं यासाठीच्या मोहिमेत, दुसरीसाठी मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीसाठी किमान 60 शब्द, तेही समजून, असं लक्ष्य आहे. हे आकडे ठाऊक असावेत, पण घड्याळ तिच्यासमोर धरू नका. शिवाय मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘शाळेसमोरच्या’ हा एकच शब्द मोजला जातो आणि ‘घर’ हाही एकच. त्यामुळे चार-पाच शब्दांच्या फरकावरून काही ठरवू नका. जूनमधली तिची टेप आणि नोव्हेंबरमधली तिचीच टेप लागोपाठ ऐका. शेजारच्या मुलाचा आकडा या वहीत येता कामा नये.

गणितात किती बरोबर आली यापेक्षा चुकलेलं कसं चुकलं ते बघा. बेचाळिसातून सतरा वजा करायला सांगितले आणि उत्तर 35 आलं, तर फुली मारून मोकळं होऊ नका. “कसं केलंस?” असं विचारा. ती सांगेल, दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढले, चारातून एक काढला. म्हणजे तिला वजाबाकी येते, दशक सोडवून एकक करायचे असतात हे अजून हाताला कळलेलं नाही. दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढे ठेवा, त्यातल्या सतरा मागा. गठ्ठ्याचा रबर स्वतः सोडला की कळतं.

आणि एक, आपल्या संख्यानामांचा त्रास फार मोठा आहे. ‘पस्तीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात आणि लिहिताना तीन आधी लिहायचे. ‘एकोणपन्नास’ ऐकून मुलं हमखास 59 लिहितात. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांना ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढं वादळ उठलं होतं. पण त्यामागची अडचण वर्गात रोज दिसते. तेव्हा मुलगी 35 चे 53 लिहीत असेल, तर आधी तिच्यापुढे पस्तीस बिया मोजायला ठेवा. मोजून बरोबर देते का? देत असेल तर संख्या तिला कळली आहे, नावाचा घोळ सवयीनं सुटेल.

लेखनासाठी वेगळं काही नको. महिन्यातून एकदा तिच्या मनानं चार ओळी लिहू द्या आणि तो कागद तारीख घालून जपून ठेवा, लाल पेन न लावता.

या वहीत तीन-चार महिने काहीच हललं नाही, रोज थोडा सराव होऊनही, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं चुकीचं उतरवणारी दोन मुलं मला अशी आठवतात की चष्मा लागल्यावर महिन्याभरात वही बदलली. ते ठीक असेल तर तज्ज्ञांना दाखवा. विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणारी अडचण, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, तिच्यासाठी सवलती आहेत आणि शिकवण्याच्या वेगळ्या पद्धतीही आहेत. ‘आळशी आहे’ म्हणून वर्षं घालवलेली मुलं पाहिली आहेत मी, आणि ते बघवत नाही.

पालकसभेला जाताना ही वही सोबत न्या. “कशी आहे अभ्यासात?” असं विचारलंत तर “छान आहे” एवढंच उत्तर मिळेल. “जोडाक्षर नसलेला नवा मजकूर ती वर्गात एकटी वाचते का?” असं विचारलंत तर आम्हाला तिला समोर बसवून बघावंच लागतं.

वाचलेलं तिला समजलं का हे कसं ओळखायचं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. ते मला एका आजींनी शिकवलं. त्यांना अक्षरओळख नव्हती. नात रोज संध्याकाळी चुलीपुढे बसून त्यांना गोष्ट वाचून दाखवायची. कळली नाही की आजी म्हणायच्या, “परत वाच, मला उमगलं न्हाई.” जितक्यांदा परत वाचायला लावलं तितक्या रेघा त्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकटीत मारायच्या, दुधाच्या हिशेबाशेजारी. दिवाळीनंतरच्या सभेला त्या ती दिनदर्शिका पिशवीत गुंडाळून घेऊन आल्या आणि माझ्या टेबलावर उलगडली. जुलैच्या चौकटींत पाच-पाच, सहा-सहा रेघा होत्या. ऑक्टोबरच्या कितीतरी चौकटींत नुसतं दूध होतं.