अमेरिकन फुटबॉलच्या संघात आधीच दोन मोठे रिसीव्हर (पास झेलणारे खेळाडू) असतील, तर नवख्या रिसीव्हरची कुवत कशी ओळखायची?

एकूण यार्ड, म्हणजे झेल घेऊन संघाला मिळवून दिलेलं अंतर, बघून तर मुळीच नाही. या खेळात चेंडू एकच, आणि क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) अडचणीत आला की ओळखीच्या माणसाकडेच फेकतो. जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बाचंच घ्या. 2023 मध्ये सिएटल सीहॉक्सनं त्याला ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) 20 व्या क्रमांकावर घेतलं. संघात आधीच डीके मेटकाफ आणि टायलर लॉकेट. त्यात मोसमाआधी मनगटाला फ्रॅक्चर होऊन शस्त्रक्रिया झालेली. पहिल्या वर्षी 63 झेल, 628 यार्ड. अनेकांनी नाकं मुरडली. पुढच्याच वर्षी 100 झेल, 1,130 यार्ड!

खरं तर पुरावा आधीच समोर होता. 2021 मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाकडून गॅरेट विल्सन आणि ख्रिस ओलावे या रिसीव्हरांसोबत खेळत असताना संघात सर्वाधिक यार्ड यानंच काढले होते, 1,606. ते दोघेही पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत गेले.

म्हणून मी आधी हे प्रमाण बघतो: नवखा रिसीव्हर किती रूट (पाससाठी ठरवून दिलेल्या धावा) धावला आणि त्यातल्या कितींवर चेंडू त्याच्याकडे आला. शिवाय चेंडू दुसरीकडे जात असतानाही नजर त्याच्यावरच ठेवा. पूर्ण वेगात येऊन वळायच्या जागी तो दोन-तीन पावलांत थांबतो, की आधीच मंदावून त्याला अडवणाऱ्या कॉर्नरबॅकला सुगावा लागू देतो? थर्ड डाउनला (चारपैकी तिसऱ्या, मोक्याच्या प्रयत्नाला) कोच त्याला मैदानात ठेवतात का? झेलांच्या आकड्यापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं. मोसमाच्या उत्तरार्धात त्याचा वाटा वाढत असेल, तर त्याच्यावर बिनधास्त भरवसा ठेवा.