बेंटली एकदम इलेक्ट्रिक न होता आधी हायब्रिडकडे का वळली?

आलिशान गाड्या बनवणाऱ्या बेंटली या ब्रिटिश कंपनीने नोव्हेंबर 2020 मध्ये जाहीर केले होते की 2030 पर्यंत आपल्या सर्व गाड्या केवळ विजेवर चालतील; मात्र बाजारातील परिस्थिती बदलल्याने नोव्हेंबर 2024 मध्ये ही मुदत 2035 पर्यंत वाढवण्यात आली आणि दरम्यानच्या काळात प्लग-इन हायब्रिडवर (म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बाहेरून चार्ज करता येणारी बॅटरी आणि इलेक्ट्रिक मोटर असलेल्या गाड्यांवर) भर देण्याचे ठरले. माझ्या मते हा निर्णय शहाणपणाचा आहे, कारण या टप्प्यातल्या गाड्या केवळ नावापुरत्या हायब्रिड नाहीत.

बारा सिलिंडरच्या डब्ल्यू12 इंजिनाचे उत्पादन 2024 मध्येच थांबले. त्यानंतरच्या कॉन्टिनेंटल जीटी स्पीड या मॉडेलमध्ये 4 लिटरचे, आठ सिलिंडरचे व्ही8 इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर मिळून 782 पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) इतकी शक्ती देतात, तर 25.9 किलोवॅट-तासांची बॅटरी मागच्या बाजूला बसवल्यामुळे गाडीचे वजन पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ समसमान विभागले जाते. पूर्ण चार्ज केल्यावर, अधिकृत चाचणीनुसार, ती इंजिनाशिवाय सुमारे 80 किलोमीटर जाते, म्हणजे शहरातला रोजचा प्रवास विजेवरच होऊ शकतो. शिवाय अशा वेळी मिळणारी शांतता आलिशान गाडीला साजेशीच आहे. अर्थात, मालकाने ती नियमित चार्ज करायला हवी, अन्यथा बॅटरीचे ओझे वाहत पेट्रोलच जळत राहते.