‘अभिक्षमता’ आणि ‘कल’ : व्याकरण कोणाला जमते?

प्रश्न असा आहे : मोठेपणी दुसरी भाषा शिकलेल्या काहींचे व्याकरण लवकर पक्के होते, काहींचे वर्षानुवर्षे बोलूनही चुकते. यामागच्या ‘ॲप्टिट्यूड’ला मराठीत ‘कल’ म्हणावे का?

‘कल’ नको. कल म्हणजे ओढा. भाषांची ओढ असूनही व्याकरण न जमणारे पुष्कळ असतात. ‘अभियोग्यता’ शिक्षकभरतीच्या परीक्षेमुळे रुळला आहे, पण त्यात पात्रतेची छटा आहे. मानसशास्त्रातला ‘अभिक्षमता’ इथे नेमका बसतो.

ही अभिक्षमता मोजता येते. कॅरल आणि सेपन या अमेरिकी संशोधकांच्या 1959च्या भाषा-अभिक्षमता चाचणीत वाक्यातल्या शब्दाचे काम ओळखायचा एक भाग आहे. मराठीत तो असा करता येईल : ‘मुलाने किल्लीने कुलूप उघडले’ यातल्या ‘किल्लीने’चे काम ‘तिने सुरीने दोरी कापली’ या वाक्यात कोणता शब्द करतो? ‘सुरीने’. प्रत्यय पाहून ‘तिने’ म्हणणाऱ्याला रूप दिसले, कार्य दिसले नाही. याच भागाची हंगेरियन आवृत्ती दुसरी भाषा शिकण्याचे अभ्यासक डीकायझर यांनी अमेरिकेत स्थायिक झालेल्या 57 हंगेरियन भाषकांना दिली (2000). मोठेपणी आलेल्यांपैकी इंग्रजी व्याकरणात वरचे गुण मिळवणारे जवळजवळ सगळे या चाचणीतही सरस होते. लहानपणी आलेल्यांत असा संबंध दिसला नाही.

मग अनुभवाचे काय? नुसती वर्षे मोजून तो कळत नाही, म्हणून मी ‘अनुभव’ऐवजी ‘भाषासंपर्क’ म्हणेन : किती ऐकले, किती वाचले, चूक कोणी दाखवली का.

मराठीचा भूतकाळच घ्या. ‘तिने पत्र लिहिले’, ‘तिने चिठ्ठी लिहिली’ : क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. ‘तिने’मधला ‘ने’ तशी सूचना देतो. पण मी, तू, आम्ही, तुम्ही यांना ‘ने’ लागतच नाही, म्हणून ‘मी आलो’च्या चालीवर शिकणारा ‘मी पत्र लिहिलो’ म्हणतो. (काही बोलींत हे रूप आहे, तिथे ती चूक नव्हे.) ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, कोणी टोकत नाही, आणि चूक मुरते. इथे अभिक्षमता कामी येते : चांगली जाण असलेला दोन-चार वाक्यांत कर्माशी असलेला मेळ हेरतो.

मात्र तोच पुढे ‘तिने धडा शिकला’ म्हणून अडखळतो. शिकणे, विसरणे, बोलणे ही क्रियापदे सकर्मक असूनही कर्त्याप्रमाणे चालतात : ‘ती धडा शिकली’, ‘ती पत्ता विसरली’. हा अपवाद तर्काने सापडत नाही, कानावर पडावा लागतो. नामांच्या लिंगाचेही बहुतांशी तसेच : तो ग्रंथ, ती वही, ते पुस्तक. म्हणून नाम एकटे पाठ करू नये, ‘जाड ग्रंथ’ऐवजी ‘मोठा ग्रंथ’, ‘मोठी वही’, ‘मोठे पुस्तक’ असे करावे. ‘जाड’ बदलत नाही, त्यामुळे लिंग कळत नाही.