टिळक पुरोगामी की प्रतिगामी?

नव्या संशोधनानंतर लोकमान्य टिळकांना प्रतिगामी म्हणायचं का, असं तुम्ही विचारलंय. एका शब्दात उत्तर देणं मला जमणार नाही. पण ज्या कागदांवरून हे भांडण चालतं ते कसे वाचावेत, एवढं सांगतो.

आधी तारीख बघा. केसरीच्या अग्रलेखाखाली लेखकाचं नाव नसे. १८८१ ते १८८७ केसरीचे संपादक समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर होते, टिळक 'मराठा' हे इंग्रजी पत्र सांभाळत. आगरकर १८८७ मध्ये बाहेर पडले, त्यानंतर केसरी टिळकांच्या हाती आला. त्यामुळे 'टिळकांनी १८८४ च्या केसरीत लिहिलं' असा फॉरवर्ड आला की मी पुढे वाचतच नाही. याचा अर्थ टिळक सुटले असा मात्र नाही. मुलींच्या शिक्षणावर त्यांचं तेव्हाचं मत हवं असेल, तर 'मराठा' चाळा. पुण्यातल्या हुजूरपागा या मुलींच्या शाळेच्या अभ्यासक्रमावर तिथे बरीच झोड उठवलेली सापडेल.

आता संमतिवयाचं बिल. १८९१ च्या या कायद्याने शरीरसंबंधाला मुलीची संमती ग्राह्य धरायचं वय, लग्न झालेल्या मुलींसाठीही, १० वरून १२ झालं आणि टिळकांनी त्याला कडाडून विरोध केला. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण १८९० मध्ये याच माणसाने सुधारकांपुढे प्रस्ताव ठेवला होता, की मुलीचं लग्न १६ च्या आत आणि मुलाचं २० च्या आत करणार नाही, असं आपण सह्या करून स्वतःला बांधून घेऊ. टिळकांचे चाहते हा कागद पुढे करतात, टीकाकार म्हणतात ही सुधारकांना कोंडीत पकडायची चाल होती. मला दोन्ही थोडं थोडं पटतं. कायदा परक्या सरकारचा नको हे तत्त्व म्हणून ठीक, पण १८९० च्याच सुमारास कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची कोवळी पोर नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली होती. ती समोर असताना सह्यांच्या भरवशावर बसणं मला तरी फार थंडपणाचं वाटतं.

शेतकऱ्यांच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. १८९६-९७ च्या दुष्काळात सारासूट, म्हणजे शेतसाऱ्यात माफी, हा तुमचा हक्क आहे, हे पुण्याच्या सार्वजनिक सभा या संस्थेची माणसं गावोगाव सांगत फिरली, त्यामागे टिळक होते. १९०१ मध्ये मात्र कर्जापायी सावकाराच्या घशात जाऊ नये म्हणून शेतजमीन सहजासहजी विकता येऊ नये अशी तरतूद आली, तेव्हा ते विरोधात. 'म्हणजे सावकारांचेच' असा निकाल लगेच लागतो. पण त्याच विधेयकाविरुद्ध फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले हे नेते मुंबईच्या कायदेमंडळातून सभात्याग करून बाहेर पडले होते, त्यांना सावकारांचा माणूस कुणी म्हणत नाही.

गणेशोत्सव कुणी सुरू केला, या वादात मी शिरणार नाही. मला पुण्यात राहायचंय!

अस्पृश्यतेबद्दल विचाराल तर मार्च १९१८ ची मुंबईची अस्पृश्यता निवारण परिषद बघा. विठ्ठल रामजी शिंदे यांनी ती भरवली, अध्यक्ष सयाजीराव गायकवाड. टिळक तिथे अस्पृश्यतेविरुद्ध जोरदार बोलले आणि टाळ्या घेतल्या. त्यानंतर वैयक्तिक आचरणात अस्पृश्यता पाळणार नाही अशा जाहीरनाम्यावर सह्या घ्यायची वेळ आली, त्यावर टिळकांची सही नाही. भाषणाची वाक्यं भिंतीवर लावणारे सहीचं सांगत नाहीत, सहीचं सांगणारे भाषण गाळतात. तुम्ही दोन्ही एकत्र वाचा, आणि सोबत १९०१ च्या वेदोक्त प्रकरणावरचे, म्हणजे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे धर्मविधी वेदमंत्रांनी करायला ब्राह्मण पुरोहितांनी नकार दिला त्या वादावरचे, केसरीतले लेखही. तेव्हा केसरीचे संपादक टिळकच होते.