रायझन ५ ७६०० आणि आरटीएक्स ५०७० साठी ४५० वॉटचा एसएमपीएस पुरेल का?

तुम्ही विचारलंय की प्रोसेसर रायझन ५ ७६०० आणि ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०७० ठरलं आहे. दुकानदार म्हणतो कॅबिनेटसोबत येणारा ४५० वॉटचा एसएमपीएस (म्हणजेच पॉवर सप्लाय, कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) चालेल, मित्र म्हणतो ८५० च्या खाली जाऊ नको, आणि घरी ६०० व्हीएचा यूपीएस आहे. माझं उत्तर: चांगल्या प्रतीचा ६५० वॉटचा, एटीएक्स ३.१ (पॉवर सप्लायचं नवं मानक) चा पॉवर सप्लाय घ्या. पुढे मोठं कार्ड घालायचं नक्की असेल तरच ७५० किंवा ८५०. कॅबिनेटसोबतचा एसएमपीएस फुकट मिळाला तरी या कार्डाला जोडू नका. आणि यूपीएस बदलावा लागेल.

आधी हिशेब. कार्ड २५० वॉट घेतं. प्रोसेसरच्या खोक्यावर ६५ लिहिलेलं असलं तरी तो सॉकेटमधून ८८ वॉटपर्यंत ओढतो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंख्यांचे ५०-६० धरा. एकूण झाले ४०० च्या आसपास. एनव्हिडियाही या कार्डासाठी ६५० वॉटच सांगते. वरचे अडीचशे वॉट वाया जात नाहीत. २५० हा कार्डाचा सरासरी आकडा आहे. प्रत्यक्षात काही क्षणांपुरती त्याची ओढ बरीच वर उसळते. म्हणूनच २०२२ च्या एटीएक्स ३.० मध्ये नियम आला, की कार्डाला वीज देणारी १६ पिनांची जोडणी असलेल्या, ४५० वॉटच्या वरच्या सप्लायने १०० मायक्रोसेकंदांपुरता क्षमतेच्या दुप्पट भार झेलला पाहिजे. असा उसळता भार कमकुवत सप्लायला सोसत नाही. त्याचं संरक्षण मध्ये पडतं आणि ऐन खेळात मशीन खटकन बंद होतं.

आता दुकानात काय बघायचं ते. खोक्यावरचा मोठा आकडा सोडा, सप्लायच्या अंगावरचं स्टिकर वाचा. त्यावर +१२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर दिलेले असतात. प्रोसेसर आणि कार्ड दोघांचीही बहुतेक सगळी वीज याच १२ व्होल्टवरून जाते. समजा ‘४५० वॉट’च्या एखाद्या डब्यावर तिथे १८ अँपिअर लिहिलेत, तर १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट, एकटं कार्डसुद्धा त्यावर चालणार नाही. चांगल्या ६५० वॉटच्या सप्लायवर तिथे ५४ अँपिअर दिसतील, म्हणजे ६४८ वॉट. मागच्या बाजूला ११५/२३० चा लाल खटका दिसला, तर ती ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज सुरळीत ओढायला लावणारं सर्किट) नसलेली जुनी रचना आहे. तो डबा तिथेच ठेवा.

सप्लायवरच्या ८० प्लस प्रमाणपत्राच्या ब्राँझ-गोल्ड श्रेणींना लोक दर्जाचा शिक्का समजतात. तो फक्त कार्यक्षमता सांगतो. ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या भारावर ब्राँझला ८५ टक्के आणि गोल्डला ९० टक्के गाठावे लागतात. तुमच्या ४०० वॉटच्या भारावर हा फरक साधारण २६ वॉटचा. रोज चार तास खेळलात तर वर्षाला ३८ युनिट, म्हणजे बिलासाठी जीव टाकण्यासारखं काही नाही. तरी मी गोल्डच सुचवेन, कारण त्या वर्गात आतली रचना सहसा बरी असते. ब्रँडच्या नावावर मात्र जाऊ नका. एकाच कंपनीची एक मालिका उत्तम आणि दुसरी सुमार निघते. नेमक्या मॉडेलचा चाचणी अहवाल सायबेनेटिक्स या सप्लाय तपासणाऱ्या संस्थेच्या साइटवर पाहा आणि मगच लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन भाव काढा.

यूपीएसचं गणित लोक हमखास चुकवतात. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे, सहसा ३६० च्या आसपास. तुमचं मशीन गोल्ड सप्लायवरही भिंतीतून ४४५ वॉट ओढणार, वर मॉनिटर. खेळताना लाइट गेली की यूपीएस ओरडेल आणि सगळंच बंद पडेल. १००० व्हीए/६०० वॉटचा, प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा घ्या. पायऱ्यापायऱ्यांची लहर देणाऱ्या यूपीएसवर ॲक्टिव्ह पीएफसीचे काही सप्लाय गचकतात. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर त्याचा खटका यूपीएस मोडवर हवा. साध्या मोडमध्ये बदली व्हायला लागणारा वेळ सप्लायला पेलत नाही, एटीएक्स ३.१ पूर्ण भारावर फक्त १२ मिलिसेकंद तग धरायला सांगतो.

अर्थिंगकडे दुर्लक्ष करू नका, ही कळकळीची विनंती. कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला बोट लावल्यावर मुंग्या आल्या, तर सहसा दोष सप्लायचा नसतो. त्याच्या फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले असतात; अर्थ तुटलेला असेल तर बॉडी निम्म्या व्होल्टेजवर, ११५ च्या आसपास, तरंगत राहते. करंट अगदी थोडा असतो, पण चालू टीव्हीची एचडीएमआय केबल खुपसताना पोर्ट जळू शकतो. इलेक्ट्रिशियनकडून फेज आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. २३० च्या जवळ यायला हवं. दोन पिनांचा ॲडॅप्टर लावून वेळ मारून नेऊ नका.

जोडणी करताना १६ पिनांचा कनेक्टर शेवटपर्यंत दाबा, फट दिसता कामा नये. पहिले ३५ मिलिमीटर केबल सरळ राहू द्या, नाहीतर संपर्क ढिला पडून टोक वितळतं. कार्डासोबतचा ॲडॅप्टर वापरलात तर सप्लायपासून दोन वेगळ्या ८ पिनी केबल आणा. एकाच केबलला फुटलेली दोन तोंडं नकोत. जुन्या मॉड्युलर (केबली काढता-घालता येणाऱ्या) सप्लायची केबल नव्याला कधीही लावू नका. सप्लायकडच्या टोकाची पिनरचना कंपनीगणिक बदलते, केबल बरोबर बसते आणि एसएसडी जळते.

मशीन फक्त खेळतानाच बंद पडत असेल, तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीतली कर्नल-पॉवर ४१ ही नोंद पाहून सप्लाय बदलायला धावू नका. विंडोज नीट बंद झालं नाही, एवढंच ती सांगते. आधी आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कार्डाची पॉवर लिमिट थोडी उतरवून तोच खेळ चालवा. बंद पडणं थांबलं, तर पहिला संशय सप्लाय आणि त्याच्या केबलींवर.