भारताकडून खेळलाच नाही, तर फिरकी गोलंदाजाचं आयुष्य वाया जातं का?

तुम्ही विचारलंत, मुलगा पंधरा वर्षांचा आहे, बेळगावात डावखुरी फिरकी टाकतो, शाळा सोडून क्रिकेटच करायचं म्हणतो. उद्या भारताची टोपी मिळाली नाही तर सगळं वायाच ना?

शाळा सोडू देऊ नका, हे आधी सांगतो. पण ‘वाया’ म्हणू नका. पद्माकर शिवलकरांचं नाव घेतलं की तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज शिवलकर रणजीसारखे १२४ प्रथम श्रेणी सामने खेळले. ५८९ बळी, दर बळीमागे सरासरी विसाच्या आत धावा, कसोटी एकही नाही. त्याच काळात भारताकडून बिशनसिंग बेदी डाव्या हातानंच फिरकी टाकत होते आणि डावखुऱ्या फिरकीला संघात जागा एकच धरली जायची. हरियाणाचे राजिंदर गोयल तर ७५० बळी घेऊनही बाहेरच राहिले. दोन डावखुरे एकत्र खेळवले असते तर काय बिघडलं असतं, हे मला अजून कळलेलं नाही.

१९७२-७३ची रणजी फायनल, चेन्नईचं चेपॉक मैदान. मुंबई पहिल्या डावात १५१वर आटोपली. मग शिवलकरांनी १६ धावांत ८ बळी घेतले, तमिळनाडू ८०. दुसऱ्या डावात १८ धावांत ५, तमिळनाडू ६१. आमच्या बाबांनी हे आकडे वहीत उतरवून ठेवले होते.

त्याच बाबांनी मला टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर टाकायला शिकवलं. टप्प्यावर रुमाल अंथरायचे आणि लांब उभे राहायचे. “वळव नको. रुमालावर टाक की रे आधी.” महिनाभर तेवढंच. चेंडूच्या शिवणीनं तर्जनीच्या कडेची कातडी सोलायची, कढत पाण्यात बोट झोंबायचं. मग तिथं घट्टा पडला आणि एक दिवस चेंडू बोटातून सुटतानाच कळलं, हा रुमालावर पडणार. मी क्लबच्या पुढं गेलो नाही, पण त्या क्षणासाठी वीस वर्षं टाकत राहिलो. शिवलकरांना तर मुंबईनं १९८७-८८मध्ये परत बोलावलं, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी!

आपल्या भागातली वाट लांबची आहे, हे खरं. आपण कर्नाटक क्रिकेट संघटनेच्या धारवाड झोनमध्ये, त्यामुळं हुबळीच्या फेऱ्या चुकत नाहीत. पण गदगचे सुनील जोशी शाळेआधी पहाटे हुबळीला सरावाला जायचे. तेही डावखुरे फिरकीवालेच, १५ कसोट्या खेळले. आपल्याच गावाचा रोनित मोरे भारताकडून खेळला नाही, पण नोव्हेंबर २०१८मध्ये ऑटोनगरच्या मैदानावर त्यानं कर्नाटकाकडून मुंबईचे ५ गडी ५२ धावांत काढले. मी कठड्याशी उभा होतो. शेजारचे आजोबा ‘आमचा पोरगा, आमचा पोरगा’ म्हणत होते. ओळख ना पाळख, पण डोळे भरलेले.

बीसीसीआयनं २०१७मध्ये गोयल आणि शिवलकर दोघांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. मार्च २०२५मध्ये शिवलकर गेले. त्या दिवशी मी बाबांची वही काढून चेपॉकचं पान पुन्हा वाचलं.

मुलाला रविवारी सकाळी सातला व्हॅक्सिन डेपोवर पाठवा. येताना जुना चेंडू आणू दे, रुमाल मी आणतो.