कुत्र्याच्या फिटचा अभ्यास माणसाच्या काय कामाचा?

प्रयोगशाळेत उंदीर असताना अपस्मारासाठी कुत्रे कशाला, आणि त्यांना मुद्दाम झटके आणतात का, असं तुम्ही विचारलंय. या अभ्यासांत सहसा आणावे लागत नाहीत. कुत्र्यांना आपसूकच फिट येतात, आणि सगळी मेख तिथेच आहे. उंदराला बहुधा औषध किंवा विजेचा धक्का देऊन आजारी करावं लागतं.

आमच्या कुत्रीला तिसऱ्या वर्षी पहिली फिट आली. मध्यरात्री फरशीवर नखं घासल्याचा आवाज आला. उठून बघतो तर ती आडवी पडून पाय मारतेय, तोंडाला फेस, खाली लघवी. दोनेक मिनिटांत थांबलं, मग भिंतींना धडकत घरभर फिरली. व्हेटने लिहून दिलं फिनोबार्बिटोन, म्हणजे माणसांना १९१२ पासून देतात तेच. औषधं घेऊनही फिट न थांबणाऱ्यांचं प्रमाण माणसांत साधारण एक तृतीयांश आहे, आणि कुत्र्यांतही जवळपास तितकंच.

दुसरा फायदा जातींचा. एका जातीतले कुत्रे मोजक्या पूर्वजांचे वंशज, त्यामुळे सदोष जीन शोधणं सोपं जातं. लाफोरा हा किशोरवयात सुरू होणारा, जीवघेणा अपस्मार. ताठ केसांच्या छोट्या डॅशहुंडमध्येही तो होतो. प्रकाश चमकला तरी कुत्रा दचकून झटका देतो. २००५ मध्ये कारण सापडलं: डीएनएचा १२ अक्षरांचा एक तुकडा निरोगी कुत्र्यात दोन-तीनदा येतो, तो आजाऱ्यांत वीसेक वेळा आलेला. माणसात बिघाड वेगळ्या तऱ्हेचा, पण बऱ्याच रुग्णांत जीन तोच.

मला सगळ्यात भावलं ते फिटचा आगाऊ अंदाज घेण्याचं काम. अपस्मार असलेल्या कुत्र्यांच्या मेंदूवर इलेक्ट्रोड बसवून तिथल्या विद्युत लहरींच्या महिनोन् महिने नोंदी घेतल्या. माणसाच्या नोंदी एरवी इस्पितळात फार तर काही दिवसांच्या मिळतात. २०१४ मध्ये पाच कुत्र्यांचा आणि दोन माणसांचा डेटा खुल्या स्पर्धेत ठेवला होता: फिटच्या आधीचा तास ओळखून दाखवा.

पण म्हणून कुत्रा म्हणजे चार पायांचा माणूस समजू नका. माणसांना वर्षानुवर्षं दिलं जाणारं फेनिटॉइन कुत्र्याच्या शरीरातून इतक्या झटपट निघून जातं की गोळ्या देऊन उपयोग होत नाही. आणि फिटच्या आधी काय जाणवलं, हे आमची बया सांगणार कसं?